वणवा डोंगर कसा चढतो?

चूल पेटवताना कधी नीट पाहिलंय का? माझी आजी ओंडक्याला थेट काडी कधीच लावत नसे. आधी वाळलं पाचट, त्यावर बोटाएवढ्या काटक्या, आणि त्या धडधडल्या की मगच ओंडका आत सरकवायचा. जंगलातला वणवाही याच क्रमाने पेटतो!

लाकडात पाणी असतं. ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत लाकूड पेट घेत नाही. गवताची काडी ती केवढीशी! एका दुपारच्या उन्हात कडकडीत वाळते आणि ज्वालेचा शेक लागताच भुर्रकन जळते. जाड ओंडक्याला वाळायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून गवतातली आग पळते आणि ओंडक्यातली रेंगाळते.

मार्चमध्ये मेळघाटातल्या सागाखाली उभं राहून पाहा. सागाचं पान ताटाएवढं मोठं, वाळलं की कडेने वळतं. अशी पानं एकमेकांवर पडली की मधे हवा खेळते, आणि आगीला तर हवा हवीच. घडी घातलेलं वर्तमानपत्र सावकाश जळतं, पण तेच चुरगाळलं की कसं भडकतं, तसंच हे. एक बरं असतं, तोवर सागाच्या फांद्या बोडक्या झालेल्या असतात. त्यामुळे ज्वाला बहुतेक वेळा जमिनीलगतच राहतात.

आता डोंगर. आई देवापुढे दिवा लावते तेव्हा तिच्या हातातली काडी बघा. पेटतं टोक खाली झुकलं, की ज्वाला सरसर बोटांकडे येते. टोक वर धरलं, तर ती बिचारी हळूहळू खाली उतरते. उतारावर हेच होतं. ज्वाला वरच्या गवताला आधीच भाजून, वाळवून ठेवते. चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो!

मग वणवा डोंगर उतरत नाही का? उतरतो, पण सावकाश. उत्तराखंडात मात्र त्याला एक वाहन मिळतं. तिथल्या चीड वृक्षांच्या वाळक्या सुयांना 'पिरूल' म्हणतात. त्यात राळ असते, त्यामुळे त्या झटकन पेटतात. आणि चिडाची जळती फळं गडगडत खाली जातात, थेट दरीतल्या न जळलेल्या गवतात!

आपल्याकडे वनरक्षक उन्हाळ्याआधीच गवताचे लांबलचक पट्टे जाळून मोकळे करतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. आग तिथवर येते आणि खायला काही नाही म्हणून थांबते. वाऱ्याने ठिणगी पलीकडे उडवलीच, तर माणसं ओल्या फांद्यांनी ती झोडपून विझवतात.

पण आग विझली तरी ही माणसं लगेच घरी जात नाहीत. राखेत पडलेल्या प्रत्येक ओंडक्याजवळ हाताची उलटी बाजू नेऊन पाहतात, आत अजून ऊब आहे का.