गप्प बसलेला सभासद

समिती नेमली जाते, कामांची वाटणी होते, आणि महिन्याभरात असे आढळते की पाचांपैकी तिघेच राबत आहेत. चौथा सह्या करतो व पाचवा बैठकीत बसून खिडकीबाहेर पाहतो. कचेरी असो की महाविद्यालय, त्यावरचे भाष्य ठरलेले असते : माणूस कामचुकार आहे. हे निदान सोयीचे खरे. पण ते बरोबर असतेच असे नाही.

ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली लहान गटांच्या वाटचालीचे चार टप्पे सांगितले : जुळणी, खडाजंगी, घडी बसणे आणि प्रत्यक्ष कार्य. १९७७ मध्ये विसर्जनाचा पाचवा टप्पा जोडला गेला. (त्याने अभ्यासलेले बरेचसे गट मानसोपचारासाठी जमलेल्यांचे होते, कचेऱ्यांनी ती मांडणी पुढे खुशाल आपलीशी केली.) आपल्याकडे यांतला दुसरा टप्पाच टाळण्याकडे कल असतो. मतभेद म्हणजे भांडण, अशा समजुतीने अध्यक्ष इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहून मोकळे होतात. ज्याचा विरोध ऐकलाच गेला नाही, तो राजीनामा देत नाही. नुसता उपस्थित राहू लागतो.

दुसरे कारण जबाबदारीच्या हिशेबात आहे. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जणांनी मिळून लावलेला जोर त्यांच्या वेगवेगळ्या जोरांच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा भरला. ताल जुळत नसल्याने काही घट होणारच. परंतु १९७४ च्या प्रयोगांत डोळे बांधलेल्या माणसाच्या मागे कोणीही ओढत नव्हते. इतरही ओढत आहेत एवढ्या समजुतीनेच त्याचा जोर कमी पडला. पुढे १९८१ मध्ये लाटाने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातो असे कळले की ही ढिलाई नाहीशी होते.

महिलांच्या बचत गटांनी, ही नावे न ऐकताही, नेमके हेच साधले. नाबार्डने १९९२ मध्ये असे गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला. दहा ते वीस जणी, ठरलेला वार, सर्वांसमक्ष मोजले जाणारे पैसे आणि प्रत्येकीच्या पुस्तकातली नोंद. हप्ता चुकला की ते त्याच दिवशी सर्वांना दिसते, आणि चांगल्या गटात पहिला प्रश्न दंडाचा नसतो : घरी कोणी आजारी आहे काय, मजुरी बुडाली काय? दंड होतो तो नंतर, तोही लहान. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दीर्घकाळ टिकलेल्या सामूहिक व्यवस्थांचे जे विशेष नोंदवले, त्यांत हा सौम्यतेपासून चढत जाणारा दंड आहे.

कचेरीत बहुधा क्रम उलटा असतो. आधी त्या सभासदाची कामे काढून घेतली जातात, मग त्याला मेमो मिळतो, आणि त्याचे काय बिनसले हा प्रश्न विचारला जातो तो थेट चौकशी समितीत. त्या समितीवरही पाच सभासद असतात.