मापाने बेतलेला प्रोसेसर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांत मिळणारा ईएसपी३२ बोर्ड इंजिनिअरिंगच्या बऱ्याच मुलांनी हाताळलेला असतो. त्याच्या मूळ आवृत्तीत एक्सटेन्सा प्रोसेसर आहे. तो टेन्सिलिकाचा. ख्रिस रोवेन यांनी ही कंपनी १९९७ साली कॅलिफोर्नियात काढली, ती गिऱ्हाइकाच्या मापाने प्रोसेसर बेतून देण्यासाठी. नको ते भाग गाळायचे, हवी ती आज्ञा स्वतः लिहायची. त्या वर्णनावरून चिपचा आराखडा आणि त्याला जुळणारा कंपायलर, दोन्ही तयार होतात. २०१३ साली केडन्सने कंपनी विकत घेतली. बोर्ड विकत घेणाऱ्याला मात्र यात काही बदलता येत नाही; माप घेतलं जातं ते चिप घडण्याआधी.

हे बेतणं एका आज्ञेत दिसतं. ३२ बिटांचा आकडा उलटा करायचा आहे: पहिलं बिट शेवटी, शेवटचं पहिलं. एफएफटीत, म्हणजे सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या काढणाऱ्या गणितात, क्रमांकांची बिटं अशीच उलटवावी लागतात. साध्या प्रोसेसरवर आधी शेजारची बिटं, मग जोड्या, मग चौकड्या अशी अदलाबदल करत जावं लागतं. सरकवा, झाका, जोडा, पुन्हा सरकवा. हुशारीने लिहिलं तरी वीसेक आज्ञा खर्ची पडतात. आता हेच हार्डवेअरमध्ये करून बघा. उलटवण्यासाठी एकही गेट लागत नाही! बत्तीस तारा आडव्यातिडव्या नेल्या, की एका सायकलमध्ये काम फत्ते. इतकी वर्षं झाली, तरी या तारांचं मला अप्रूप वाटतं.

बर्कलीत २०१० साली सुरू झालेल्या रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञा-संचाने स्वतःच्या आज्ञा लिहिण्याची ही मुभा परवाना-शुल्काविना सगळ्यांना दिली. त्याच्या पायाभूत ३२ बिटी संचात अवघ्या ४० आज्ञा आहेत आणि आपल्या आज्ञांसाठी काही संकेत मुद्दाम राखून ठेवलेले आहेत. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर याच पायावर उभे आहेत.

मात्र नवी आज्ञा फुकट येत नाही. ती एका सायकलमध्ये मावत नसताना तशीच कोंबली, तर क्लॉकच मंदावतो आणि बाकीच्या आज्ञाही रखडतात. शिवाय जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब आहेच: एखादं काम एकूण वेळेच्या १० टक्केच खात असेल, तर ते क्षणात उरकलं तरी बाकीचे ९० टक्के तसेच राहतात.

म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे. एफपीजीए बोर्डवर, म्हणजे आतली जुळणी पुन्हा बदलता येणाऱ्या चिपवर, रिस्क-फाइव्हचा एखादा खुला कोअर चढवा, आपला प्रोग्रॅम चालवा, वेळ कुठे जातो ते मोजा आणि मगच पहिली आज्ञा लिहायला घ्या.