निर्मनुष्य मुलखातील अरण्य

मनुष्यजात पृथ्वीतलावरून अकस्मात नाहीशी झाली तर मागे काय घडेल, या प्रश्नाचे उत्तर केवळ कल्पनेवर सोपविण्याची गरज नाही. युक्रेनमधील प्रिप्यात शहराने ते अंशतः देऊन ठेवले आहे. 26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी हुकमाने तेथील सुमारे 49,000 रहिवासी बसगाड्यांतून हलविण्यात आले. ती वस्ती पुन्हा कधी भरली नाही.

माणसाचा अंमल उठताच पहिला शिरकाव केला तो पाण्याने: पन्हळी पानांनी तुंबल्या, पाणी भिंतींत मुरले, हिवाळ्यात गोठून फुगले, आणि त्या भेगांत वाऱ्याने आणलेले भूर्जाचे बी रुजून गच्च्यांवरही झाडे उभी राहिली. क्रीडांगणावर तर रानच माजले. किरणोत्साराने जवळचे पाइनचे अरण्य तांबडे पडून मेले होते, हे विसरता येणार नाही. तथापि त्याच मुलखात आज लांडगे निर्वेधपणे संचार करतात आणि 1998 पासून आणून सोडलेल्या प्रझेवाल्स्की रानघोड्यांची शिंगरे जन्मतात. त्या विषापेक्षाही आपली बंदूक आणि आपला नांगर वन्यजीवांना अधिक जाचक होता, असा निष्कर्ष मला तरी टाळता येत नाही. विष अर्थात गेलेले नाही. तेथे सांडलेल्या प्लुटोनियम-239 चे अर्धायुष्य सुमारे 24,000 वर्षांचे आहे.