ओली वीट बोलत नाही

आमच्या आधीच्या घरातल्या एका भिंतीने मला पाच वर्षं छळलं. भिंत नवी, गिलावा उत्तम, रंग महागाचा. आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर तिच्या रुपयाएवढ्या खपल्या उडायला लागल्या. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा ठिपका. खालच्या बाजूला खार फुटला तो वेगळाच. गवंड्याने रंगाऱ्याला दोष दिला, रंगाऱ्याने गवंड्याला, आणि या भांडणात वडिलांच्या संग्रहातल्या केतकरांच्या ज्ञानकोशाचे तीन खंड ओलीने गेले. दोष विटेत होता, हे मला फार उशिरा समजलं.

त्यामुळे यंदा तळमजल्याच्या आतल्या खोलीत पुस्तकांसाठी बिनगिलाव्याची विटांची भिंत बांधायचं ठरलं, तेव्हा मी विटांचा अभ्यासच आरंभला. भिंत साडेतीन मीटर लांब, पावणेतीन मीटर उंच, अर्ध्या विटेची. म्हणजे साधारण पाचशे विटा. (वजन सुमारे दोन टन. वरच्या मजल्यावर कुणाला अशी हौस आली, तर आधी इंजिनिअरला विचारावं, मग विटांचं बघावं.)

घरातल्या भिंतीचं गणित बाहेरच्या भिंतीपेक्षा वेगळं असतं. तिला पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, छप्पर पेलायचं नसतं. भारतीय मानक १०७७ मधली सगळ्यात खालच्या वर्गाची, दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन दाब सोसणारी वीटही तिला पुरते. म्हणजे ताकद हा प्रश्नच नाही. प्रश्न हा, की विटेच्या पोटात जे असेल ते उद्या आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या पुस्तकांमागे बाहेर येणार.

विटा आल्या त्या आषाढात, भिजतच. दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर आपटाव्यात, खणखणीत आवाज यावा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा. आपण मडकं वाजवून घेतो तशीच वीट. (पुंडलिकाने भिरकावलेली वीट कुणी वाजवून घेतली नव्हती, आणि तिच्यावर तर विठोबा उभा आहे, पण ते सोडा.) मी दहा जोड्या वाजवल्या. सगळ्या ‘थप’ म्हणाल्या. माल परत पाठवायला मी फोन उचलला, तर गवंडीमामा हसले. म्हणाले, “ताई, ओली वीट बोलत नाही. सुकू द्या की आधी.” पडवीत पंख्याखाली आठ दिवस सुकवल्यावर त्याच विटांपैकी बहुतेक खणखणल्या. ज्या तरीही थप्प राहिल्या, त्या खरोखर कच्च्या होत्या. नखाने ओरखडा उठत होता.

एकाच गाडीत पक्की आणि कच्ची वीट कशी येते, हे भट्टीची रचना पाहिली की कळतं. आपल्याकडच्या आव्यात कच्च्या विटा आणि जळण रचून वरून लिंपतात आणि पेटवतात. कडेच्या विटांना आच कमी पोचते. त्या फिकट, पिवळसर राहतात. आगीजवळच्या जास्त भाजून वितळतात, काळ्या आणि वाकड्या होतात. त्यांना खंगर म्हणतात. माती जितकी भाजावी तितकी आकसते, म्हणून फिकट वीट थोडी मोठी आणि काळपट वीट थोडी लहान असते. त्यामुळे विटा मोजणं म्हणजेच भट्टीची आच मोजणं. मानकात एकेक वीट मोजत नाहीत. वीस विटा ओळीने लावून एकूण लांबी बघतात. १९० मिमीच्या विटांची ओळ ३७२० ते ३८८० मिमीत बसली पाहिजे. माझ्या विटा जुन्या नऊ इंची मापाच्या होत्या, तरी युक्ती तीच चालली. ओळ बरी निघाली.

मग वजन. पूर्ण सुकलेली वीट तोलायची, चोवीस तास पाण्यात बुडवायची, पुसून पुन्हा तोलायची. साध्या विटेने आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. प्रयोगशाळेत आधी भट्टीत सुकवतात. माझ्याकडे पंखा आणि भाजीवाल्याकडून आणलेला काटा. लाल वीट ३ किलो ५० ग्रॅमची ३ किलो ५२० झाली, म्हणजे साडेपंधरा टक्क्यांच्या आत. पिवळसर वीट २ किलो ९०० वरून ३ किलो ६५० वर गेली. सव्वीस टक्के! अशी वीट मसाल्यातलं पाणीही शोषून घेते आणि सिमेंट धड धरत नाही.

पांढऱ्या ठिपक्याचा उलगडा या भिजवण्यातच झाला. मातीत चुनखडीचा खडा राहिला, की भट्टीत भाजून त्याचा कळीचा चुना होतो. तो विटेच्या पोटात गप्प बसतो. ओल पोचली की विरतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. माझ्या जुन्या भिंतीत हेच झालं होतं. भिजवलेल्या बारा विटांपैकी दोन तिसऱ्या दिवशी अशा फुटल्या. भिंतीत फुटण्यापेक्षा बादलीत फुटलेल्या बऱ्या. म्हणून सगळ्याच विटा भिजवून, पाहून मग घ्यायच्या ठरल्या. एक फोडूनही पाहिली: तुटलेला भाग एकरंगी, दाणा बारीक, खडे नाहीत.

खाराची परीक्षा सगळ्यात संथ. ताटलीत २५ मिमी पाणी घालून त्यात वीट उभी करायची, पाणी आटलं की पुन्हा तेवढंच घालायचं, तेही आटलं की बघायचं. विटेतले सल्फेटसारखे क्षार पाण्याबरोबर पृष्ठावर येतात, पाणी उडून जातं, क्षार पांढरे मागे राहतात. दहा टक्क्यांपर्यंत डाग असेल तर किंचित, पन्नासपर्यंत मध्यम. मध्यमपर्यंत मानकाची हरकत नाही. पण गिलावा नसलेल्या भिंतीसाठी मी किंचितच्या पुढे जायला तयार नव्हते. पाणीही बॅटरीत घालतात ते, डिस्टिल्ड, पाच लिटरचा कॅन आणून. घरच्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. पाचही विटा जवळजवळ कोऱ्या निघाल्या.

पुरवठादाराने साठ विटा कुरकुरत का होईना, बदलून दिल्या. श्रावणाच्या शेवटी भिंत उभी राहिली. देखणी झाली.

आणि पंधरा दिवसांनी खालच्या तीन थरांवर पांढरी साय आली. मी ताटल्या आठवत, चिडून गवंडीमामांना विचारलं, विटा भिजवायला पाणी कुठलं घेतलं? “बोअरचं. नळाला तेव्हा पाणी कुठं होतं?” ज्या बोअरच्या पाण्याने आमची बादली आतून पांढरी होते, तेच पाणी विटांना पाजलं होतं आणि मसाल्यातही तेच. मी पाच विटांना बॅटरीचं पाणी दिलं आणि उरलेल्या सगळ्यांना कोण काय पाजतंय हे विचारलंच नाही.

साय धुवायची नसते. धुतली तर क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडायची आणि भिंत सुकू द्यायची. दर रविवारी मी झाडते आहे. चौथ्या रविवारी सुपलीत आलेली पूड चमचाभर होती, परवाच्या रविवारी चिमूटभर. पुस्तकं अजून खोक्यांतच आहेत.