कप्तानाची खुर्ची

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कुणालाही गोष्ट नवी नव्हती. धनुष्य कोण मोडणार हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. तरी लोक बसले आणि पाहत राहिले, कारण ओळखीची गोष्ट एका अनोळखी प्रकारात कशी उभी राहते, हे त्यांना बघायचं होतं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना असं काही मराठीत करायला सांगितलं होतं. गोष्ट जुनी, साधन नवं. अशा वेळी प्रेक्षक एकाच वेळी दोन कसोट्या लावतो. खेळ म्हणून हा रंगतो का, आणि माझ्या मनातला राम यात सापडतो का?

टीव्हीवरच्या मालिकांवरून निघालेल्या अंतराळयुद्धाच्या व्हिडिओ गेम्सना गेली पन्नासेक वर्षं याच दोन कसोट्या लागत आल्या आहेत. त्यांतली सर्वांत लांब आणि सर्वांत बोलकी परंपरा 'स्टार ट्रेक'ची. समीक्षकांनी या खेळांना काय म्हटलं, याचा माग काढावासा वाटला, कारण सातारा-सांगलीकडच्या एका पिढीची या मालिकेशी थेट ओळख आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती रविवारी सकाळी लागायची. वाड्यात एकाच घरी टीव्ही असायचा. इंग्रजी संवाद निम्मे डोक्यावरून जायचे; पण टोकदार कानांचा स्पॉक आणि खुर्चीत बसून हुकूम सोडणारा कप्तान कर्क, हे दोघे बरोबर कळायचे.

त्या खुर्चीला फार महत्त्व आहे. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली, तीन वर्षांत ७९ भाग झाले आणि बंद पडली. त्या ७९ भागांत तोफा किती वेळा चालतात हे पाहायला बसलं, तर लक्षात येतं की मालिकेचा जीव बोलण्यात आहे. समोर शत्रूचं जहाज, हाताशी वेळ थोडा, डॉक्टर एक सांगतोय, स्पॉक दुसरंच सांगतोय, आणि निर्णय कप्तानाने घ्यायचा आहे. पुष्कळदा शहाणपणाचा निर्णय गोळी न झाडण्याचाच असतो. आता यावरून युद्धाचा खेळ करायचा, म्हणजे मालिकेचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग उचलून त्यालाच सर्वस्व करायचं. सगळ्या समीक्षेचं मूळ दुखणं इथे आहे.

पहिला खेळ मात्र कुठल्याही कंपनीने केला नाही. १९७१ साली कॅलिफोर्नियात माइक मेफील्ड या शाळकरी मुलाने बेसिक भाषेत तो लिहिला. चित्र असं काहीच नाही, नुसती अक्षरं आणि चिन्हं. पुढे बॉब लीडम यांनी तो वाढवून 'सुपर स्टार ट्रेक' केला आणि डेव्हिड आल यांच्या बेसिक खेळांच्या पुस्तकातून तो जगभर पोचला. हा खेळ जवळून पाहण्यासारखा आहे. आकाशगंगा म्हणजे आठ बाय आठ चौकोन, प्रत्येक चौकोनात पुन्हा आठ बाय आठ घरं. जहाजाकडे ३००० एकक ऊर्जा आणि १० टॉर्पेडो. दूरचं निरीक्षण मागवलं की आजूबाजूच्या चौकोनांचे तीन अंकी आकडे छापून यायचे. २१४ आलं तर समजायचं, शत्रूची, म्हणजे क्लिंगॉनांची, दोन जहाजं, एक आपला तळ, चार तारे. ढालीला ऊर्जा दिली की इंजिनाला कमी पडणार, आणि ठरलेल्या तारखेच्या आत काम संपवायचं. बाकी सगळं डोक्यात. तरीही त्यात कप्तानाचं काम होतं: अपुरी माहिती, अपुरं बळ, आणि निवड.

याचं परीक्षण तेव्हा कुठे छापून येणार? पण लोकांनी तो पुस्तकातून ओळ न् ओळ टाइप करून घेतला, आवडलं नाही ते बदललं, नवे हुकूम घातले, आणि आपली आवृत्ती पुढच्याला दिली. मला हीच या खेळाची पहिली खरी समीक्षा वाटते. ज्याला दोष दिसला त्याने तो दुरुस्त करून दाखवला.

नव्वदच्या दशकात सीडी आली आणि सगळं पालटलं. १९९७ सालच्या 'स्टारफ्लीट अकॅडमी'त इंटरप्ले कंपनीने विल्यम शॅटनर, जॉर्ज टाकेई आणि वॉल्टर कोनिग या मूळ नटांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. दोन मोहिमांच्या मधे सिनेमासारखे प्रसंग, आणि खेळणारा प्रशिक्षणार्थी. परीक्षणं संमिश्र आली. नटांचं, प्रसंगांचं कौतुक झालं. लढाईवर मात्र टीका झाली. तोवर लॅरी हॉलंड यांच्या 'एक्स-विंग' आणि 'टाय फायटर'ने अंतराळातल्या विमानयुद्धाची पातळी फार उंच नेऊन ठेवली होती आणि प्रत्येक नवा खेळ त्याच फूटपट्टीने मोजला जात होता. शेकडो माणसांचं अजस्र जहाज लढाऊ विमानासारखं गर्रकन वळतं, हे मालिका पाहिलेल्यांना पटेना. आणि विमानयुद्धाची चटक असलेल्यांना ते मंद वाटलं. दोन्ही बाजूंची तक्रार खरी होती, आणि दोन्ही तक्रारींचं कारण एकच: कोणाच्या भूमिकेतून खेळायचं, हेच खेळाने नीट ठरवलं नव्हतं.

दोन वर्षांनी 'स्टारफ्लीट कमांड' आला. 'स्टार फ्लीट बॅटल्स' या १९७९ सालच्या पटावरच्या युद्धखेळावर तो आधारलेला. जहाजाच्या सहा बाजूंना सहा ढाली, आणि कोणती बाजू शत्रूकडे करायची हाच डाव. त्याचं चांगलं स्वागत झालं. २००० सालच्या 'क्लिंगॉन अकॅडमी'त नट ख्रिस्तोफर प्लमर यांनी रंगवलेला क्लिंगॉन जनरल चँग होता, जहाजांना वजन होतं, मारा बसला की सांगाड्याला भोक पडलेलं दिसायचं. जाणकारांनी त्याला मान दिला. पण त्रुटी बऱ्याच राहिल्या होत्या आणि शिकायला तो अवघड होता.

मग २००२ साली 'ब्रिज कमांडर' आला, ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. ज्यांच्या फूटपट्टीने इतरांना मोजलं जात होतं, त्या लॅरी हॉलंड यांच्याच टोटली गेम्स या संस्थेने तो केला. लेखनात डी. सी. फोंटाना होत्या, म्हणजे मूळ मालिकेच्या पटकथा लिहिणाऱ्या बाई. खेळ सुरू होतो आणि कप्तान अपघातात मरतो. खुर्ची अचानक तुमच्याकडे येते. तुम्ही त्या खुर्चीतच बसलेले असता. मान वळवली की उजव्या-डाव्या बाजूचे अधिकारी दिसतात. सुकाणूवरच्या अधिकाऱ्याला सांगायचं कुठे जायचं, शस्त्रांवरच्या अधिकाऱ्याला सांगायचं कशावर मारा करायचा, अभियंत्याला सांगायचं ऊर्जा कुठून काढायची. समोरच्या मोठ्या पडद्यावर शत्रू. हात बटणावर कमी आणि माणसांवर जास्त.

परीक्षणं बरीचशी अनुकूल आली, आणि त्यांत नेमकी हीच गोष्ट वाखाणली गेली. आक्षेपही नेमके होते. मोहिमा एका सरळ रेषेत जातात. बोलून प्रसंग टाळण्याची मोकळीक जवळजवळ नाही. आणि हुकूम देत बसण्यापेक्षा बाहेरच्या दृश्यात जाऊन जहाज स्वतः चालवलं तर लढाई लवकर जिंकता येते. हा शेवटचा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो. खेळाने एक भूमिका दिली, पण बक्षीस दुसऱ्याच भूमिकेला ठेवलं, असं तो सांगतो. समीक्षा अशी असावी. त्या परीक्षणांनंतरही वर्षानुवर्षं हौशी लोक या खेळात नवी जहाजं, नव्या लढाया घालत राहिले. मेफील्डच्या खेळाचं जे झालं तेच पुन्हा झालं.

व्यवहाराची बाजूही सांगायला हवी. हे खेळ परवान्यावर चालतात आणि मालिकेची हवा ओसरली की तेही बसतात. 'ब्रिज कमांडर'ची प्रकाशक अ‍ॅक्टिव्हिजन हिने २००३ साली मालिकेच्या मालकांवर, म्हणजे व्हायाकॉमवर, दावाच लावला: तुम्ही चित्रपट आणि मालिका पुरेशा काढत नाही, मग आमचा परवाना काय कामाचा? तिकडे 'बॅबिलॉन ५' मालिकेवरचा 'इन्टू द फायर' हा खेळ १९९९ साली तयार होत असतानाच रद्द झाला होता.

आणि मग २००६. मालिकेला चाळीस वर्षं झाली, म्हणून 'लेगसी' आला. पाच मालिकांचे पाच कप्तान, पाचही मूळ नटांचे आवाज. कथेत पुन्हा फोंटाना. एवढं भांडवल कुठल्याच खेळाकडे नव्हतं. तरी समीक्षक नाराज झाले. संगणकावरच्या आवृत्तीची नियंत्रणं अडचणीची, मोहिमेच्या मधे खेळ जपून ठेवायची सोय नाही, आणि एवढे थोर आवाज ऐकवून हातात काम काय, तर जहाजांचा ताफा फिरवत मारा करत राहायचा. माझं मत समीक्षकांच्या बाजूने आहे. पाच कप्तान आणले, खुर्ची आणली नाही.

सांगलीच्या माणसाला हे नवीन वाटू नये. भाव्यांच्या पौराणिक नाटकांची परंपरा पुढे पसरली, मंडळ्या वाढल्या, आणि हळूहळू राक्षसांच्या आरोळ्या, राळेचे भपके आणि तलवारींचा खणखणाट हेच नाटक होऊन बसलं. शिकलेल्या पिढीने त्याला 'अलल्डुर्र' म्हणून नाव ठेवलं. त्या टीकेत थोडा उद्दामपणा होता, पण मुद्दा खोटा नव्हता. रामायणातलं युद्ध शिल्लक राहिलं होतं, रामायण निसटलं होतं. त्या टीकेने मराठी रंगभूमीचं भलंच झालं. याच सांगलीच्या अंगणातून, हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल 'शारदा' घेऊन आले आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 'कीचकवध' घेऊन आले. 'कीचकवध'ची गोष्टही महाभारतातली, सगळ्यांच्या ओळखीची. पण ब्रिटिश सरकारला त्यावर बंदी घालावीशी वाटली, इतका तिचा रोख ताजा होता.

व्हिडिओ गेमला असा टीकाकार मराठीत मिळालेला नाही. शतक पालटताना सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर सायबर कॅफेत तासाच्या बोलीवर बसलेली मुलं गेम खेळत होती, त्यांवर तावातावाने वाद घालत होती. कुठला खेळ भारी, कुठल्यात जहाज उगाच हलकं वाटतं, कुठला शेवटी कंटाळा आणतो, ही सगळी समीक्षाच होती. लिहून ठेवायला जागा नव्हती; परीक्षण वाचायचं तर ते इंग्रजी संगणक मासिकात. आज त्या मुलांची मुलं मोबाइलवर खेळतात, आणि मराठी छापील मजकुरात गेमबद्दल काय येतं? व्यसन, चष्मा आणि वाया गेलेला अभ्यास. त्या काळज्या खोट्या नाहीत. पण नाटकाबद्दल आपण फक्त रात्रीच्या जागरणाचीच चर्चा केली असती, तर देवल-खाडिलकर आपल्याला कळले असते का?

याच दोन जिल्ह्यांत उलट उदाहरणं आहेत. किर्लोस्करवाडीसारख्या माळावरच्या कारखान्याच्या गावातून १९२० साली एक मासिक निघालं आणि यंत्र, उद्योग, नवे विचार असं सगळं त्याने मराठी घराघरांत नेलं. वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. नवा विषय आला की त्याला मराठीत जागा करून द्यायची, ही इथली रीतच आहे.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना विनंती आहे की नाटक-सिनेमाच्या परीक्षणांशेजारी दोन पानं गेमसाठी ठेवा. आणि घरात खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल त्यांना एक सांगणं: या सुट्टीत एकदा शेजारी बसा आणि विचारा, यात तू कोण आहेस, आणि तुला करायला काय मिळतं? उत्तर मराठीत लिहून काढायला सांगा आणि आमच्याकडे पाठवा.