तबकडी मालकीची, सिनेमा भाड्याचा

२६ हा आकडा अमेरिकेतले ग्रंथपाल सहजी विसरणार नाहीत. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने नियम केला, की ग्रंथालयाने घेतलेलं ई-पुस्तक २६ वाचकांना देऊन झालं की त्याची मुदत संपली. पुढे हवं असेल तर पुन्हा पैसे भरा. छापील पुस्तकही तेवढ्या वापरात झिजतंच, असा प्रकाशकांचा युक्तिवाद होता. ओक्लाहोमातल्या पायोनियर ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी त्याला साधं उत्तर दिलं. याच प्रकाशनाची छापील पुस्तकं कपाटातून काढून त्यांनी कॅमेऱ्यापुढे धरली. २६ पेक्षा कितीतरी जास्त वेळा वाचकांच्या घरी जाऊन आलेली ती पुस्तकं अजून धडधाकट होती.

जुन्या माध्यमांवर पैसा घालायचा की नव्या तंत्रज्ञानावर, हा प्रश्न तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांपुढे शंभर वर्षांपासून पुनःपुन्हा येतो आहे. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराच्या ग्रंथालयाने १९१४ च्या सुमारास ग्रामोफोनच्या तबकड्या जमवायला घेतल्या. १९४८ नंतर एलपी आल्या. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाच्या डॉनेल शाखेने १६ एमएम फिल्मचा मोठा संग्रह उभा केला. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि १९९७ नंतर डीव्हीडी. प्रत्येक वेळी आधीच्या माध्यमाची यंत्रं अडगळीत गेली आणि खर्चही वाढला, पण ग्रंथालयाच्या मूळ कामाला धक्का लागला नाही.

याचं कारण कायद्यात होतं. विकत घेतलेली प्रत मालकाने कोणाला वाचायला किंवा ऐकायला द्यावी, हा त्याचा प्रश्न, हे तत्त्व अमेरिकेच्या कायद्यात १९०९ पासून आहे. १९८४ मध्ये तबकड्या भाड्याने देण्याच्या धंद्याला चाप लावला गेला, तेव्हाही ना-नफा ग्रंथालयांना त्यातून वगळलं. वस्तू हातात होती, म्हणून हक्कही हातात होता.

ई-पुस्तकात वस्तूच उरली नाही. २००३ मध्ये क्लीव्हलंडच्या ग्रंथालयाने ओव्हरड्राइव्ह या कंपनीमार्फत ई-पुस्तकं द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तही होतं. अंध, अंथरुणाला खिळलेल्या किंवा दूरवर राहणाऱ्या वाचकांची त्याने मोठी सोय झाली. मात्र ग्रंथालय आता पुस्तकाचं मालक नव्हतं, परवानाधारक होतं. अटी घालणारा दुसराच. २०१९ च्या नोव्हेंबरात मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे एकच प्रत देऊ केली, मग ग्रंथालयाच्या शाखा कितीही असोत. वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या ग्रंथालयाने त्यांची नवी ई-पुस्तकं घेणंच थांबवलं. इतरही ग्रंथालयं बहिष्कारात उतरली आणि २०२० च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी ती अट मागे घेतली.

सिनेमाच्या बाबतीत तर फटका थेट तिजोरीला बसला. कॅनोपी ही ऑनलाइन सिनेमे दाखवणारी सेवा वाचकाला फुकट, पण प्रत्येक वेळी सिनेमा पाहिला की ग्रंथालयाच्या नावावर सुमारे दोन डॉलर. लोक जितके जास्त पाहतील तितकं बिल मोठं. न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही ग्रंथालयांनी २०१९ च्या जुलैपासून ती बंद केली. डीव्हीडीचं गणित याच्या अगदी उलट. ती जितकी फिरेल तितका तिच्यावरचा पैसा वसूल होतो.

आणि ही डीव्हीडी मिळणंच आता अवघड होत चाललं आहे. नेटफ्लिक्सने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये टपालाने तबकड्या पाठवणं थांबवलं. स्ट्रीमिंगवर नसलेला एखादा जुना सिनेमा पाहायचा, तर अनेक गावांत ग्रंथालयाचं कपाट हाच आधार. अशा वेळी ‘कालबाह्य’ म्हणून ती कपाटं रिकामी करणं म्हणजे लोकांच्या पैशाने घेतलेली मालमत्ता फुंकून टाकणं आहे.

नव्या तंत्रज्ञानावरचा खर्च सार्थकी लागल्याचीही उदाहरणं आहेत. वॉशिंग्टन शहराच्या ग्रंथालयाने २०१६ मध्ये ‘मेमरी लॅब’ उघडली. तिथे व्हीसीआर आणि कॅसेट डेक संगणकाला जोडलेले असतात. नागरिक घरच्या टेप घेऊन येतात आणि स्वतःच डिजिटल करून नेतात. काम वेळखाऊ आहे. तासाभराची टेप उतरवायला तासच लागतो, मध्ये घाई करून चालत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, त्याच वर्षी थांबली. म्हणजे जुनी यंत्रं जपणं हासुद्धा तंत्रज्ञानावरचाच खर्च झाला.

महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांसाठी यातला हाच भाग सगळ्यात जवळचा. गावोगावच्या व्याख्यानमाला, कीर्तनं, नाट्यसंगीताच्या मैफली एके काळी कॅसेटवर घेतल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच बाजारात कधी आल्याच नाहीत, त्यामुळे त्या पुन्हा विकत मिळायच्या नाहीत. दमट हवेत फितीला बुरशी धरते, डेकचे रबरी पट्टे सैल पडतात. राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनी संगणकासाठी तरतूद करताना चालू स्थितीतला एक कॅसेट डेक आणि तो दुरुस्त करणारा माणूस यांचीही सोय करावी. ज्यांच्या घरी अशा कॅसेट पडून आहेत, त्यांनी त्या भंगारात देण्याआधी गावच्या ग्रंथपालाला एकदा दाखवाव्यात.