मुंबई ते मॉरिशस : विमान पोहोचतं किती वाजता?

आता आपल्या गावांतल्या मुलीही शिकायला, कामाला परदेशी जातात. लेक विमानात बसली की आईचा जीव टांगणीला लागतो. तिकिटाचा फोटो मोबाइलवर असतो, पण त्यावरच्या वेळा वाचायच्या कशा हे कुणी सांगत नाही. आज ते बघू. उदाहरण घेऊ मॉरिशसचं.

मॉरिशसच का? तर तिथं आपली माणसं आहेत. १८३४ पासून इंग्रजांनी भारतातून करारावर मजूर नेले, उसाच्या मळ्यांत राबायला. त्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती. शिडाच्या जहाजाला तेव्हा कित्येक आठवडे लागत. पोर्ट लुईस बंदरात ती माणसं जिथं उतरली, तो आप्रवासी घाट आजही जपलेला आहे. मागे राहिलेल्या आईला खुशाली कधी कळायची, विचारूच नका.

मुंबईहून मॉरिशस सरळ रेषेत सुमारे ४,७०० किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, म्हणजे तसे जवळजवळ पावणेसात महामार्ग! आणि खाली जवळपास सगळं पाणीच. उंचावर गेलेलं विमान तासाला साधारण ८५० किलोमीटर कापतं. त्या हिशेबानं साडेपाच तास होतात. पण चढताना-उतरताना वेग कमी असतो, वारा कधी साथ देतो, कधी आडवा येतो. म्हणून सहा-सव्वासहा तास धरायचे.

आता खरी गोम. समजा, तिकिटावर लिहिलंय : मुंबईहून सकाळी ६ ला निघणार, मॉरिशसला १०.४५ ला पोहोचणार. आई म्हणते, पावणेपाच तासांचा प्रवास. पावणेअकराला ती फोन लावते. फोन बंद! झालं, घरात रडारड. पण विमान तेव्हा समुद्रावरच असतं.

तिकिटावर निघायची वेळ इथल्या घड्याळाची असते आणि पोहोचायची तिथल्या. मॉरिशस आपल्या पश्चिमेला, तिथं सूर्य उशिरा उगवतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलंय, त्यांचं साठ अंशांवर. फरक साडेबावीस अंश, म्हणजे दीड तास. तेव्हा तिथले पावणेअकरा म्हणजे आपले सव्वाबारा. प्रवास सव्वासहा तासांचा. उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, यात आणखी तासभर सहज जातो. दीडच्या आधी फोनची वाट बघूच नये.

येताना उलटं. तिथून रात्री ९ ला निघालेलं विमान इथं पहाटे साडेचारला उतरलं, तर साडेसात तास झालेसे वाटतात. दीड वजा करा, सहाच होतात. मुलगी गाडीत बसून गावी पोहोचेपर्यंतचे तास मात्र तिकिटावर नसतात, ते आपले आपण मोजायचे.